हात कुठं टेकला ते बघा
रविवारी आमच्या जिल्ह्याचं ॲथलेटिक्सचं सिलेक्शन होतं, मी लांब उडीच्या पिटावर टेप धरायला होतो. सकाळी सहाला पोचलो तर सांगोल्याकडची पोरं आधीच येऊन बसलेली, डब्याच्या पिशव्या मांडीवर, बऱ्याच जणांच्या पायात स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, नाहीतच, साधे कॅनव्हासचे बूट. अशी पोरं बघितली की मला भरून येतं.

सोळाच्या आतल्या मुलींत एक होती, पहिल्या दोन्ही उड्या फाउल, पाय रेषेच्या पुढं. तिसरी मात्र लई मोठी मारली, पाय पार लांब पडले, पण उतरताना मागं हात टेकला. आता माप घेतात ते उडी घ्यायच्या फळीच्या रेषेला सगळ्यात जवळ वाळूत जी खूण असेल तिथून, म्हणजे हातापासून. "काका, पाय तर तिकडं पडलेत की ओ," म्हणाली, डोळे भरलेले. मी तिला खाली बसवून दोन्ही खुणा दाखवल्या, तिचे सर पण आले, मग पटलं तिला. दोन बोटं कमी धरून मला आनंद होत नाही, पण ही खूण सोडली तर दुसऱ्या पोरीवर अन्याय होतो.

लोक विचारतात जिल्हा संघटना करते काय, पावत्या फाडते? अहो, शाळेच्या मैदानात कितीबी उडी मारा, निडजॅमला, म्हणजे देशातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या ज्युनियर स्पर्धेला जायचं तर जिल्ह्याच्याच टीममधून जावं लागतं. जिल्ह्याच्या वर राज्य संघटना, तिच्यावर 1946 सालापासूनचं भारतीय फेडरेशन, पुढं आशियाची संघटना आणि मग वर्ल्ड ॲथलेटिक्स. आमच्या माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यातली ललिता बाबर 2015 ला वुहानला आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीचं, गोल्ड घेऊन आली, पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकला फायनलमध्ये पळाली, दहावी आली. तीसुद्धा अशाच पायऱ्या चढून गेलेली.

2013 ला हीच आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा पुण्यात बालेवाडीला होती तेव्हा मी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून गेलो होतो. विकास गौडानं थाळीफेकीत गोल्ड घेतलं, बायकांच्या चार बाय चारशे रिलेतही आपलं गोल्ड, पण माझं निम्मं लक्ष पांढरा-लाल झेंडा घेऊन उभ्या असलेल्या पंचांकडंच. पांढरा वर गेला की थ्रो बरोबर, लाल गेला की फाउल, आणि एवढ्या मोठ्या मैदानावर ती माणसं करत होती तेच काम जे आम्ही इथं करतो!

आमच्याकडं माणसं कमी पडतात हो, रविवारी एकच जण वाळू सारखी करायचा आणि तोच नंबर लिहायचा, उन्हात तीन तास. पुढच्या सिलेक्शनला ज्यांना जमेल त्यांनी खरंच या, टेप कसा ताणायचा, झेंडा कधी वर करायचा मी शिकवतो. डोक्याला टोपी आणि पाण्याची बाटली तेवढी आणा.