पाणी कुठं गेलं रे पोट्टेहो?

मी 1994 च्या दहावीच्या बॅचचा. सध्या नागपुरात मनीषनगर, बेसा साइडला पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) कामं घेतो, फॉल्स सीलिंग वगैरे. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून फोन आला तेव्हा पहिले आठवला तो खडू. आठवीत विज्ञानाच्या सरांनी आम्हाला आठवडाभर एका खडूच्या मागे लावलं होतं.

पहिल्या दिवशी नुसतं मोजायचं. बारीक माप घ्यायचे व्हर्नियर कॅलिपर दोनच, पोरं पन्नासच्या वर, त्यामुळे रांग. लांबी सगळ्यांची 7.8 सेंमी आली पण जाडीवरून भांडणं, मी म्हणतो 1.02, बाजूचा म्हणतो 0.91, आणि दोघंही बरोबर, कारण खडू एका टोकाला जाड अन् दुसऱ्या टोकाला बारीक असतो, साच्यातून सहज सुटावा म्हणून.

मग आकारमान. गणितानं 5.7 घनसेंमी आलं, सर म्हणाले आता पाण्यात टाकून पाहा. खडू मोजपात्रात सोडला तर बुडबुडेच बुडबुडे, पाणी आधी वर चढलं आणि आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू उतरून राहिलं. "पाणी कुठं गेलं रे पोट्टेहो?" सरांनी विचारलं. कोणालाच सांगता येईना. शेवटी तराजू काढला, कोरडा खडू 6.3 ग्रॅम, म्हणजे घनता जेमतेम 1.1, आणि सरांनी फळ्यावर लिहिलं, खडू ज्याचा असतो त्या जिप्समची घनता 2.32. म्हणजे त्या खडूत अर्ध्याच्या वर जागा रिकामी होती! तेव्हा कळलं पावसाळ्यात सर खडूचा डबा उन्हात का ठेवायचे, ओल पिलेला खडू फळ्यावर उमटतच नाही.

पण जिप्सम कसं काय, पुस्तकात तर खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट लिहिलं होतं. मी उठून विचारलं. सर काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी लिंबू घेऊन आले. आमच्या खडूवर पिळलं, काही नाही. मग डस्टलेस, म्हणजे धूळ न उडणाऱ्या खडूच्या डब्यातला एक काढून त्यावर पिळलं तर बारीक फेस आला, कान जवळ नेला की चुरचुर आवाज. फेस आला तो कार्बोनेट, आपला साधा खडू प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून साच्यात ओतलेला, ते घट्ट झालं की त्याचं जिप्सम होतं. जमिनीतून निघणारा खरा खडू वेगळाच, समुद्रातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या जीवांच्या कवचांचा, इंग्लंडात डोव्हरचे अख्खे कडे त्याचे आहेत.

सरांनी अजून एक सांगितलं होतं ते मला वीस वर्षांनी साइटवर कामी आलं. 100 ग्रॅम प्लास्टर घट्ट व्हायला पाणी फक्त 19 ग्रॅमच्या आसपास लागतं, बाकीचं आपण ओतता यावं म्हणून घालतो, ते नंतर उडून जातं आणि मागे भोकं ठेवतं. माझ्याकडची पोरं काम लवकर व्हावं म्हणून घमेल्यात पाणी जास्त ओततात, आणि वाळल्यावर तो माल नखानं खरवडला जातो. मी ओरडत नाही. खिशात खडू असतोच, आखणीच्या सुताला लावायला, तो पाण्याच्या बाटलीत टाकतो आणि बुडबुडे दाखवतो. मागच्या महिन्यात भंडाऱ्याकडचा एक नवा पोरगा बाटलीकडे बघत बसला आणि म्हणाला, भाऊ, हे पाणी कमी काऊन होऊन राहिलं?