होस्ट डाउन दाखवतोय, पण होस्ट तर चालू आहे

नेटवर्कवरच्या यंत्रांवर (होस्टवर) नजर ठेवणाऱ्या मॉनिटरिंग सर्व्हरने, म्हणजे मॉनिटरने, ‘होस्ट डाउन’ म्हटलं की त्याचा खरा अर्थ एवढाच असतो: मी विचारलं आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही. पॅकेट जाताना हरवलं असेल, उत्तर परतताना अडकलं असेल, किंवा मॉनिटरने पॅकेट पाठवलंच नसेल. म्हणून खोट्या अलर्टचा माग काढताना स्विचच्या केबली हलवण्याआधी संशय घ्यायचा तो मॉनिटरवरच.

आधी अलर्टची गेल्या दोन आठवड्यांची यादी वेळेनुसार लावा. ज्यांचा अपलिंक (वरच्या स्विचकडे किंवा राउटरकडे जाणारा दुवा) एक नाही, असे शेकडो होस्ट एकाच मिनिटात पडून दोन-तीन मिनिटांत उठत असतील, तर नेटवर्कचा दोष असण्याची शक्यता फार कमी. हे रोज रात्री ठरावीक वेळी होत असेल तर मॉनिटर चालतो त्या व्हीएमचा (आभासी यंत्राचा) बॅकअप कधी लागतो ते पाहा. बॅकअपसाठी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची प्रत) घेताना किंवा काढून टाकताना व्हीएम काही सेकंद गोठतो, तेवढ्यात चालू तपासण्यांची मुदत उलटून जाते. मॉनिटरच्या डेटाबेसचा बॅकअप व्हीएमच्या आतून घ्या आणि स्नॅपशॉट बंद करा, नाहीतर तेवढ्या वेळेपुरता मेंटेनन्स (अलर्ट दाबून ठेवण्याची सोय) लावा.

याद्यांवरून कळलं नाही तर मॉनिटरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट टिपणारं साधन) लावून ठेवा. फिल्टर फक्त आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) आणि त्या एका होस्टचा. ५० एमबीच्या १० फायली आळीपाळीने पुसत राहतील असं केलं की डिस्क भरत नाही. पुढचा अलर्ट आला की त्या मिनिटाची फाइल उघडायची. एको रिक्वेस्ट (पिंगचा प्रश्न) गेली आणि उत्तर आलंच नाही, तर पुढे वाटेत शोधा, शक्य असेल तर त्या टोकालाही असंच कॅप्चर लावून. उत्तर आलं पण उशिरा, तर टाइमआउटचा प्रश्न. आणि रिक्वेस्ट गेलीच नाही, तर चोर घरातच आहे.

रिक्वेस्ट न जाण्याचं एक कारण भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं, ते म्हणजे एआरपीची तक्ती (कोणत्या आयपीचा हार्डवेअर पत्ता कोणता, याची नोंद) भरणं. लिनक्समध्ये या तक्तीच्या मूळच्या तीन मर्यादा असतात: १२८, ५१२ आणि १०२४. शेवटची कडक. मॉनिटर स्वतः /२१ सारख्या (सुमारे दोन हजार पत्त्यांच्या) मोठ्या सपाट सबनेटमध्ये बसला असेल आणि त्यात ऑटो डिस्कव्हरी (एकेक पत्ता विचारून नवे होस्ट शोधणं) चालू असेल, तर नसलेल्या पत्त्यांच्या अर्धवट नोंदींनीच तक्ती भरते आणि जिवंत होस्टला जागा उरत नाही. कर्नल लॉगमध्ये ‘नेबर टेबल ओव्हरफ्लो’ दिसलं की शंकाच नको. दुसरी मर्यादा ४०९६ आणि तिसरी ८१९२ करा, आणि ती सेटिंग फाइलमध्ये लिहा. नुसती चालू कर्नलला सांगितली तर पुढच्या रीबूटला पुसली जाते. राउटरपलीकडचे होस्ट या हिशेबात धरायचे नाहीत, त्यांच्यासाठी गेटवेची एकच नोंद पुरते.

दुसरं कारण डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणं. लिनक्सचा रिझॉल्व्हर पहिल्या नेमसर्व्हरची ५ सेकंद वाट पाहतो, मग दुसऱ्याकडे जातो. तुमच्या तपासणीची मुदत ३ सेकंद असेल तर ती नाव शोधण्यातच संपली. पहिला नेमसर्व्हर आजारी, आणि बोंब मात्र दीडशे निर्दोष होस्टच्या नावाने. पिंगसाठी होस्टला थेट आयपी द्या, रिझॉल्व्हरचा टाइमआउट १ सेकंदावर आणा, आणि डीएनएसची स्वतंत्र तपासणी लावा. वेबसाइटची तपासणी मात्र नावानेच असू द्या. वापरणारा नावानेच येतो.

राउटरला केलेल्या पिंगवर फार विसंबू नका. राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर आलेला पिंग त्याच्या सीपीयूकडे जातो, आणि तिथे आयसीएमपीवर बहुधा दरमर्यादा असते. पलीकडे जाणारी पॅकेट हार्डवेअरमधून सुखरूप निघून जातात. म्हणून राउटरवर २० टक्के लॉस दिसतो आणि त्यामागच्या सर्व्हरवर शून्य. अशा वेळी लॉसचा अलर्ट मागच्या सर्व्हरवर लावावा.

एसएनएमपी (उपकरणांकडून त्यांची माहिती विचारण्याचा प्रोटोकॉल) यूडीपीवर चालतं, पॅकेट हरवलं तर विचारणाऱ्यानेच पुन्हा विचारायचं. त्यामुळे ‘एसएनएमपी उत्तर नाही’ आणि ‘होस्ट डाउन’ हे दोन वेगळे अलर्ट ठेवा. यातली एक गंमत: सिस्टिम अपटाइमचा काउंटर ३२ बिटांचा, आणि मोजतो सेकंदाचे शंभरावे भाग. ४९७ दिवस आणि साधारण अडीच तासांनी तो शून्यावर येतो आणि सॉफ्टवेअर म्हणतं, उपकरण रीबूट झालं. एकाच दिवशी चालू केलेले वीस स्विच मग एकाच दिवशी ‘रीबूट’ होतात. एसएनएमपी इंजिनचा वेळ सेकंदांत मोजला जातो. उपकरण तो देत असेल तर अट त्यावर लावा.

आता सेटिंग. नागिओस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये तपासणी दर ५ मिनिटांनी, फेरतपासणी दर १ मिनिटाने आणि एकूण प्रयत्न ३ ठेवले, तर पहिल्या अपयशानंतर २ मिनिटांनी अलर्ट पक्का होतो, आणि खऱ्या बिघाडाची बातमी फार तर सातेक मिनिटांत मिळते. प्रत्येक वेळी एकच पॅकेट न पाठवता पाच पाठवा. त्रास नको म्हणून प्रयत्न १० केले तर तीच बातमी १४ मिनिटांवर जाते, आणि मूळ दोष जिथल्या तिथे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पॅरेंट-चाइल्ड नाती (कोणता होस्ट कोणाच्या मागे आहे ते) लावल्याशिवाय एक अपलिंक पडला की चाळीस अलर्ट येणारच. नागिओस मागच्या होस्टना ‘अनरीचेबल’ धरतो. झॅबिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रिगरचं (अलर्ट पेटवणाऱ्या अटीचं) अवलंबन लावतात, पण तिथे एक खोच आहे: मागच्या होस्टचा ट्रिगर आधी पेटला तर त्याचा अलर्ट निघून जातो, कारण अपलिंकचा ट्रिगर अजून पेटलेलाच नसतो. अपलिंकची तपासणी दर ३० सेकंदांनी, मागच्यांची दर मिनिटाला ठेवा. दोन्हीकडे तीन अपयशांची अट असली तरी अपलिंक आधी पेटेल.

फ्लॅप डिटेक्शन (सारख्या पडणाऱ्या-उठणाऱ्या होस्टचे अलर्ट दाबणारी सोय) चालू ठेवायला हरकत नाही, पण त्याने दाबलेल्या होस्टची यादी आठवड्यातून एकदा वाचा. अर्धमेलं एसएफपी मॉड्यूल (स्विचमध्ये केबल जोडायचा छोटा भाग) तिथेच लपतं.

हे सगळं झाल्यावर एका टेस्ट होस्टचा स्विचपोर्ट मुद्दाम शटडाउन करा आणि घड्याळ लावा. अलर्ट सातव्या मिनिटाच्या आत यायला हवा, आणि पोर्ट उघडल्यावर रिकव्हरीचा निरोपही. एकही निरोप आला नाही, तर अलर्ट थांबवण्याच्या नादात कुठेतरी नोटिफिकेशनच बंद झालं आहे.