ताहोच्या काठी दादरा

माद्रिदच्या आतोचा स्टेशनवर लोकल पकडली आणि पाऊण तासात आरान्हुएथला उतरले. गिटार शिकायला लागल्यापासून हे नाव रोज तोंडात आहे. 'कोन्सिएर्तो दे आरान्हुएथ' म्हणजे होआकिन रोद्रिगो यांनी १९३९ साली पॅरिसमध्ये गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली रचना.

तिच्या दुसऱ्या भागावर सगळे जीव टाकतात. तो भाग आहेच तसा. पण मला ओढ पहिल्याची, आणि नेमका तोच हातात बसत नव्हता. सुरुवातीला डबल बास खाली एकच षड्ज धरून असतात, तानपुऱ्यासारखा. त्यावर गिटार अगदी हलक्या आवाजात, बोटं एकेक उलगडत तारा छेडते. मात्रा सहाच, पण कधी तीन-तीन, तर लगेच दोन-दोन-दोन. मोजता मोजता मी दर वेळी घसरायचे. शेवटी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते तबला वाजवतात. त्यांनी मांडीवरच दादरा, म्हणजे सहाच मात्रांचा ताल, धरला, धा धी ना, धा ती ना. म्हणाले, "ठेका मी सोडत नाही. तू दर दोन मात्रांना टाळी दे." तीन दिवस तेवढंच केलं. मग हात सुटला.

आरान्हुएथच्या राजवाड्यामागे बेटावरची बाग आहे. एका अंगाला ताहो नदी, दुसऱ्या अंगाला तिचाच फाटा. तिथे एक जुना बांध आहे, त्याला 'कास्तान्युएलास' म्हणतात. स्पॅनिश नाचात बोटांत धरून वाजवतात ना, त्या चिपळ्यांचं नाव. पाणी दगडांवरून तुकड्यातुकड्यांनी खाली येतं, त्यामुळे आवाज सलग नसतो.

रोद्रिगोंची दृष्टी वयाच्या तिसऱ्या वर्षी घटसर्पाने गेली. ते ब्रेलमध्ये संगीत लिहायचे. या रचनेबद्दल बोलताना त्यांनी मॅग्नोलियाचा सुगंध, पक्षी आणि कारंजी सांगितली. नदी सांगितली नाही. पण या बागा ताहोच्याच पाण्यावर जगतात, आणि त्या कठड्याशी उभी राहिल्यावर मला तरी पहिल्या भागात नदीच ऐकू येते.

दोन मिनिटं फोनवर पाणी रेकॉर्ड केलं, बाबांना पाठवलं. रात्री उत्तर आलं. त्याच आवाजावर त्यांनी दादरा वाजवला होता, पुरती दोन मिनिटं, शेवटी छोटीशी तिहाई, एकच बोल तीनदा. आता रोज सकाळी ते लावून पहिला भाग वाजवते, विलंबित लयीत.