अस्थिमज्जा ते जखम: एका फायब्रोसाइटचा प्रवासवृत्तांत

मी फायब्रोसाइट, म्हणजे रक्तातून फिरून जखम भरायला मदत करणारी पेशी; मागून येणाऱ्या पेशींसाठी हे लिहितोय. वाट जुनीच आहे, पण माणसांनी तिची दखल घेतली ती १९९४ साली. रिचर्ड बुकाला आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या त्वचेखाली लहान कप्पे बसवले. आमची मंडळी तिथे इतक्या लवकर जमली, की त्या शेजारच्या ऊतीतून सरकत आल्या असतील हे पटेना. रक्तातूनच आल्या असणार!

निघायचं अस्थिमज्जेतून. तिथल्या मूळपेशींपासून मोनोसाइट या पांढऱ्या पेशी होतात आणि त्यांतले थोडे पुढे फायब्रोसाइट. मज्जेतून शिरेत उतरलात की हृदयाची उजवी बाजू, मग लगेच फुफ्फुसं. तिथल्या केशवाहिन्या अरुंद आहेत, अंग चोरूनच सरकावं लागतं. फाटा चुकला तर हळहळू नका. शरीर विश्रांतीत असताना रक्ताची पूर्ण फेरी साधारण मिनिटभरात होते, तो पुन्हा येतोच.

सोबतीची आशा मात्र सोडा. निरोगी रक्तात पांढऱ्या पेशींच्या शेकड्यात आपण एकही भरत नाही. ओळख पटवायला सीडी३४ आणि सीडी४५ या खुणा पृष्ठभागावर ठेवा आणि कोलॅजन-१ हे धाग्यासारखं प्रथिन जवळ असू द्या. रक्तपेशीची खूण आणि जोडऊतीचं कोलॅजन एकत्र बाळगणारे प्रवासी विरळाच.

आता वाट शोधण्याचं. इथे नकाशा चालत नाही, केमोकाइन म्हणजे पेशींना बोलावणारी द्रव्यं चालतात. सीएक्ससीआर४ हा ग्राही, म्हणजे पेशीवरचा संदेश पकडणारा रेणू, सीएक्ससीएल१२ या केमोकाइनच्या मागावर नेतो. गंमत म्हणजे हेच द्रव्य मज्जेतही भरपूर असतं, म्हणजे घरी थांबवणारं आणि बाहेर बोलावणारं एकच! त्वचेच्या जखमेकडे वळायला सीसीआर७ हा ग्राही उपयोगी. त्याला सीसीएल२१ हे केमोकाइन ओढतं. ठिकाण आलं की पांढऱ्या पेशींची नेहमीची रीत पाळा: रक्तवाहिनीच्या भिंतीवर घरंगळायचं, चिकटायचं आणि दोन पेशींच्या फटीतून आत घुसायचं.

रूपांतराची घाई रक्तातच करू नका. यकृतात तयार होणारं सीरम अमायलॉइड पी हे प्रथिन तिथे सतत लगाम घालत असतं. प्रयोगशाळेत सीरम, म्हणजे हे प्रथिन असलेला रक्ताचा द्रवभाग, काढून टाकलं, तर मोनोसाइट काही दिवसांत फायब्रोसाइट होतात, यावरून त्याचा जोर ओळखा. ऊतीत इंटरल्यूकिन-४ आणि १३ ही संदेशप्रथिनं पुढे ढकलतात, इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशप्रथिन मागे खेचतं. टीजीएफ-बीटा हे आणखी एक संदेशप्रथिन भेटलं की आपण मायोफायब्रोब्लास्टसारखे, म्हणजे आकसू शकणाऱ्या पेशींसारखे होतो, जखम आकसायला हातभार लावतो, आणि रक्ताकडच्या त्या दोन्ही खुणा हळूहळू पुसल्या जातात.

तिथे पोचल्यावर सगळं कोलॅजन आपणच विणतो, अशा फुशारक्या ऐकाल. माझं मत वेगळं आहे. विणकाम मुख्यतः स्थानिक फायब्रोब्लास्टांचं, म्हणजे जोडऊतीत राहणाऱ्या पेशींचं; आपण संदेशद्रव्यं सोडून त्यांना कामाला लावतो, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतो आणि रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींना प्रतिजन (परक्या घटकांच्या खुणा) दाखवतो. हेही काही थोडं नाही.

एका ठिकाणाबद्दल मात्र सावध करतो: व्रण पडत चाललेलं फुफ्फुस. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस (कारण न कळता फुफ्फुसात व्रण पडत जाण्याचा आजार) असलेल्या रुग्णांत रक्तातलं आपलं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं, तर आयुर्मान कमी असल्याचं आढळलंय. तिकडून सीएक्ससीएल१२ ची हाक जोरात येते आणि ग्राही आपलं ऐकत नाहीत. उंदरांत प्रतिपिंडांनी ती हाक दाबली, तेव्हा आपल्यातले कमी जण आत शिरले आणि कोलॅजनही कमी साठलं.