लिस्बनमध्ये भूकंप शोधताना

लिस्बनला गेलेली आपली माणसं पिवळ्या ट्राममधून फिरतात, पाश्तेल खातात आणि शहराच्या पश्चिम टोकाच्या बेलेंला वास्को द गामाच्या कबरीपाशी फोटो काढून येतात. मला १७५५ चा भूकंप बघायचा होता. म्हापशाहून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "अगं, सगळं केव्हाच परत बांधलंय. काय बघणार, सरळ रस्ते?"

सुरुवात सरळ रस्त्यांपासूनच केली. रोस्सिओ चौकातून नदीकडे निघालं की बाइशाचे, म्हणजे शहराच्या सखल मध्यभागाचे, रस्ते पट्टीनं आखल्यासारखे समोर येतात. दोन्ही बाजूंना एकाच उंचीच्या इमारती, खिडक्याही एका मापाच्या. शेजारच्या टेकडीवरच्या अल्फामातले बोळ मात्र अजून पाय नेतील तसे वळतात, कारण तो भाग बराचसा वाचला. भूकंपाआधी बाइशाही तशीच होती.

१ नोव्हेंबर १७५५, शनिवार. सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चं माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. तेवढ्यात जमीन हलली आणि काही मिनिटं हलतच राहिली. वाचलेली माणसं पडत्या भिंतींपासून लांब, मोकळ्या जागी म्हणून नदीकाठाकडे पळाली, आणि साधारण तासाभरात समुद्र तेजो नदीत शिरला. वरच्या भागात मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लावलेली आग पाच-सहा दिवस धुमसत राहिली. मृतांचे आकडे दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत कुठलेही वाचायला मिळतात.

ज्या चौकात लाट आली, तिथे आज पर्यटक आइस्क्रीम खात बसतात. कागदोपत्री हा व्यापार चौक, पण जुने लिस्बनकर अजून त्याला 'तेरेइरु दु पासु', म्हणजे राजवाड्याचं पटांगणच म्हणतात. राजवाडा त्या दिवशी गेला तो गेलाच. त्याच्याबरोबर सत्तर हजार ग्रंथांचं ग्रंथालय गेलं, त्याच वसंतात उघडलेलं ऑपेराचं थिएटर गेलं आणि आपल्याकडच्या व्यापाराची कचेरी, कासा दा इंडिया, तीही गेली. चिमाजीअप्पांनी वसई घेतल्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. पण दरबाराची चमक आता ब्राझीलच्या सोन्यावर होती, वसईवाचून तिचं फारसं अडलेलं नव्हतं. राजा योझे बेलेंला होता म्हणून वाचला. पण त्यानं एवढी धास्ती घेतली की पुढे दगडी छताखाली राहायचं नावच काढलं नाही. आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाडा उभारून तो तिथेच राहिला.

कार्मोच्या मठाला आजही छप्पर नाही. उंच टोकदार कमानी मधल्या मोकळ्या आकाशाला फक्त चौकट देतात. खाली हिरवळ आहे आणि मी गेले तेव्हा शाळेची मुलं तिच्यावर लोळत वह्यांत चित्रं काढत होती. वाटतं की हे मुद्दाम जपलेलं स्मारक. तसं नाही. पुनर्बांधणी सुरू झाली होती, ती रखडत गेली, १८३४ मध्ये मठच बरखास्त झाले, आणि पुढच्या पिढीला भग्नावशेषांचं वेड लागल्यामुळे छताचा विषय मागे पडला. शहराला भूकंपाची सगळ्यात मोठी खूण मिळाली ती रेंगाळलेल्या कामामुळे. (आतल्या संग्रहालयात पेरूमधल्या दोन ममी आहेत. त्या इथे काय करताहेत, हे त्यांनाही पडलेलं कोडं असावं.)

रोस्सिओजवळचं साऊ दोमिंगूश चर्च बघून मात्र फसायला होतं. आतले खांब तडकलेले, भिंती भाजून निघालेल्या. शेजारी उभ्या असलेल्या जोडप्याला त्यांचा गाइड हा १७५५ चाच मार म्हणून सांगत होता. भूकंपानं या चर्चचं नुकसान केलं हे खरं, पण ह्या खुणा १९५९ च्या आगीच्या आहेत.

खरा भूकंप बाइशाच्या पोटात आहे. रुआ दुश कोर्रेएइरुशवर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन जपून ठेवलंय. वर ग्राहकांची ये-जा, खाली रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या, आणि त्यांच्यामधून घुसलेले पाइनच्या लाकडाचे खुंट. नदीकाठची पोकळ जमीन घट्ट व्हावी म्हणून राजाचा मंत्री पोंबाल याच्या माणसांनी ते ठोकले. काळे पडलेत, पण डोकी शाबूत. लाकूड ओलं राहिलं तोवर टिकतं, पाण्याची पातळी खाली गेली की कुजायला लागतं, असं आमच्या गाइडनं सांगितलं आणि सगळ्यांनी एकदम पायाखाली बघितलं. वर भिंतींच्या आत तिरप्या फळ्यांचा लाकडी सांगाडा असतो, त्याला ते 'गायोला', पिंजरा म्हणतात. भिंत पडली तरी सांगाडा उभा राहावा, हा हिशोब. नमुना उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून पाहिलं, असं सांगतात.

हा सगळा कारभार या पोंबालचा. त्याने प्रेतं पडावांत भरून समुद्रात नेऊन बुडवली, लुटारूंसाठी जागोजागी फाशीचे खांब उभे केले आणि धर्मगुरूंमार्फत देशभर एक प्रश्नावली धाडली. हादरा किती वेळ टिकला? विहिरींच्या पाण्यात काय फरक पडला? समुद्र आधी चढला की ओसरला, आणि नेहमीपेक्षा किती वीत? पापाबिपाबद्दल अक्षर नाही. त्या उत्तरांवर भूकंपाचे अभ्यासक आजही काम करतात.

तिकडे युरोपभर दुसरीच चर्चा पेटली होती. फ्रेंच लेखक व्हॉल्तेरनं कविता लिहून विचारलं की सगळं भल्यासाठीच होतं म्हणता, तर मग हे काय? तत्त्वज्ञ रूसोनं त्याला पत्रानं कळवलं की सहा-सात मजली वीस हजार घरं तिथे दाटीवाटीनं निसर्गानं नाही बांधली. मला हे उत्तर त्या सगळ्या वादात सगळ्यात कामाचं वाटतं. १९९३ मध्ये किल्लारीला जाड दगडमातीच्या भिंतींखाली झोपेतच गेलेली माणसं आठवली की जास्तच.

व्हॉल्तेरच्या 'कांदीद' कादंबरीमध्ये लिस्बनचे शहाणे पुन्हा भूकंप होऊ नये म्हणून पाच माणसांना धर्मद्रोही ठरवून त्यांना जाहीर शिक्षा देण्याचा सोहळा करतात. पुस्तक आलं १७५९ मध्ये. दोनच वर्षांनी, १७६१ मध्ये, रोस्सिओत खरोखर एकाला गळा आवळून मारून जाळलं. तो होता गाब्रिएल मालाग्रिदा, सत्तरी ओलांडलेला जेझुइट पाद्री. भूकंप हा देवाचा कोप आहे, घरं बांधण्याआधी प्रायश्चित्त घ्या, असं त्यानं छापून वाटलं होतं. आरोप कागदावर धर्मद्रोहाचे होते, आणि इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, प्रमुखपदी पोंबालचा भाऊ. पोंबालची प्रश्नावली मला फार आवडते. पण त्याला बुद्धिवादाचा पुतळा करून हार घालायला माझा हात धजत नाही. त्याला विरोध नको होता, मग तो देवाच्या नावानं का असेना.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पण आमच्या गोंयचं इन्क्विझिशन त्यानंच बंद केलं ना?" केलं, १७७४ मध्ये. नदीकाठच्या चौकात राजा योझेचा घोड्यावरचा पुतळा आहे, चौथऱ्यावर एका बाजूला चक्क हत्ती, आणि समोर पोंबालचा ब्राँझचा मुखवटा. पुतळा बसला १७७५ मध्ये. दोन वर्षांनी राजा वारला, पोंबालची सत्ता गेली आणि तो मुखवटाही काढून टाकला. परत लावला १८३३ मध्ये. गोव्यातलं इन्क्विझिशन मात्र १७७८ मध्येच पुन्हा सुरू झालं होतं. ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं.