पुतण्यानं केलं असेल

गुरुवार, रात्री उशिरा

"आधी कुणी हात लावलाय का ह्याला?" दुकानातल्या पोरानं भिंगाखालून मान न काढता विचारलं. मी म्हणालो, "पुतण्यानं. असल्या उद्योगांची फार हौस आहे त्याला."

तोंडातून कसं निघून गेलं कळलंच नाही, असं लिहिणार होतो. पण कळलं होतं. पुतण्या नववीत आहे, नगरला असतो, आणि हा रेकॉर्डर त्यानं अजून डोळ्यांनीही पाहिलेला नाही. त्या पोराला माझी लाज काढायची नव्हती. बोर्डाला आधी किती उष्णता लागून गेलीय एवढंच त्याला हवं होतं. "मीच केलं" म्हणालो असतो तर तो "बरं" म्हणाला असता आणि पुढच्या कामाला लागला असता. तरी मी सव्वाशे किलोमीटरवरचं एक निरपराध पोर पकडून आणलं.

बसमध्ये हेच डोक्यात. एवढी फुटकळ गोष्ट, पण दाताच्या फटीत सुपारीचं खांड अडकावं तशी बसली आहे.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून, रेकॉर्डर उघडून मीच बसलो होतो. हिचं "दुकानात दे ना" चालू होतं, त्यामुळे तर मी जास्तच पेटलो. तपकीर गल्लीतून माइकची पिन बसते ते ३.५ एमएमचं सॉकेट आणलं होतं, पाच पायांचं, हुबेहूब मूळच्यासारखं. चार स्क्रू निघाले. पाचवा सेलच्या कप्प्यात स्टिकरखाली लपला होता. तो सापडेपर्यंत झाकणाची एक खिटी तुटली. हे सॉकेट बोर्डाच्या भोकांतून आरपार गेलेलं नसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. पाय नुसते वरून टेकवलेले, आणि सगळी भिस्त सोल्डरवर. खाली तांब्याचा पापुद्रा, केसाहून पातळ. पिनेला जरा हिसका बसला की तरफेसारखा सगळा जोर त्या पापुद्र्यावर.

माझं सोल्डरिंगचं आयर्न २५ वॉटचं, दिवाळीच्या माळा दुरुस्त करायला घेतलेलं. हल्लीच्या बोर्डांवरचं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, जुनं शिशाचं १८३ ला वितळायचं. (हे सगळं सोमवारी वाचलं. शहाणपण आम्हाला नेहमी सोमवारी येतं.) एक पाय सुटेपर्यंत दुसरा पुन्हा घट्ट. तासाभरानं चिमट्यानं ओढलं. सॉकेट आलं, आणि एका पायाला चिकटून एक इवलीशी चकचकीत टिकली आली. किती सुबक, असंही वाटलं. ते बोर्डाचं पॅड होतं, तोच तांब्याचा पापुद्रा.

मग संध्याकाळभर अंधारात बसलो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, आणि मला एका घरातली एक आत्या धड जमवता येत नाही. आत्याच्या ओव्या रेकॉर्ड करायचं, एवढं एक काम हातात घेतलं होतं गेल्या चार वर्षांत. एकच. ही चहा ठेवून गेली, काही बोलली नाही. तेही लागलं.

आज तो पोरगा बोर्ड स्क्रीनवर मोठा करून बघत म्हणाला, "प्रिंट उडवलीये की त्यानं. जंपर मारावा लागेल." मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, "त्याला सांगा काका, आधी पायांवर थोडं शिशाचं सोल्डर चढवायचं. मग सगळं लवकर वितळतं. ओढायचं नाही. शिकेल हळूहळू."

सांगतो म्हणालो.

आणि 'काका' कशाला? असो.

मग त्यानं मी पुडीत बांधून नेलेलं जुनं सॉकेट भिंगाखाली धरलं आणि म्हणाला, "पण मुळात बिघडवलं त्यानं नाही हं." पुतण्याची बाजू घेणारं कुणीतरी भेटलं. सॉकेटचं तोंड एकाच बाजूला घासून लांबट झालं होतं. दोन पायांचं सोल्डर वितळून सुटलेलंच नव्हतं, ते आधीच चिरलेलं होतं, मळकट दिसत होतं. "ड्राय सोल्डर. एका झटक्याचं काम नाही हे. सारखं एकाच बाजूनं हललंय, थोडं थोडं. गाडीत लावता का?"

नाही म्हणालो. हे उत्तर खरं होतं, पण मला त्याचा अर्थ घरी येईपर्यंत कळला नाही.

आत्याकडे सॉकेट तुटलं त्या दिवशीचं इथं लिहिलंच नव्हतं. लिहावंसं वाटलं नाही.

आत्याला नुसतं "ओव्या म्हण" म्हटलं तर एक आठवत नाही. हात फिरावा लागतो. जातं गेली कित्येक वर्षं नळाखाली कपडे आपटायला आहे. म्हणून ती परात पालथी घालते, कडेवर मूठ धरते आणि नसलेला खुंटा फिरवते. हात फिरला की ओवी येते. हात थांबला की ओळ मध्येच तुटते, आणि मग "कुठं होते रे मी?" त्या दिवशी गळा असा लागला होता की मी एक शब्द बोललो नाही. पदराला कॉलर माइक, त्याची वायर, उजवीकडे स्टूल, स्टुलावर रेकॉर्डर. लाल दिवा लागलेला. मग तिला चुलीवरचं दूध आठवलं, ती तशीच उठली, स्टूल आडवं झालं, आणि मी ओरडलो. वायर ओढली गेली, सॉकेट तिनं तोडलं. महिनाभर मी हेच सांगत आलोय. हिला सांगितलं, ताईला सांगितलं, ऑफिसात तर रंगवून सांगितलं.

ती फाइल आज पहिल्यांदा पूर्ण ऐकली. एक्केचाळीस मिनिटं, सातशे एमबी. ह्या वेव्ह फाइलींचं एक आहे, आत ओवी असो की नुसती खरखर, जागा तेवढीच खातात.

पहिली नऊ मिनिटं स्वच्छ. दहाव्या मिनिटाला एक बारीक 'खर्र'. मग पुन्हा. मग पुन्हा. आधी लक्षात आलं नाही, मग घड्याळ लावून मोजलं तर दर चार सेकंदांना एक, चुकता चुकत नव्हती. आत्याचा हात परातीच्या कडेवरून फिरून उजवीकडे यायचा, वायर ताणली जायची, खर्र. पुन्हा फेरा, पुन्हा खर्र. हेडफोन काढून ठेवले आणि लांबून ऐकलं, तर अगदी जातं फिरल्यासारखं वाटत होतं. सोळाव्या मिनिटाला तेही संपलं. त्यानंतर चोवीस-पंचवीस मिनिटं नुसता सूंसूं आवाज. पाय सुटला होता, माइकला वीज जात नव्हती. आत्या गातच होती.

स्टूल मी उजवीकडे ठेवलं होतं. फिरत्या हाताच्या बाजूला.

हेडफोन बॅगेत होते. कानाला असते तर दहाव्याच मिनिटाला कळलं असतं. आत्यासमोर कानांना टोपणं लावून बसणं बरं दिसत नाही, असं मी हिला म्हणालो होतो. मोबाइल बघत बसलेलं बरं दिसतं का, हे हिनं विचारलं नाही.

आणि शेवटची चाळीस सेकंदं. ह्या सॉकेटात पिन असेपर्यंत रेकॉर्डरचे अंगचे दोन माइक बंद असतात. पिन निघाली की आतली पट्टी जागेवर बसते आणि ते सुरू होतात. तर आत्या उठली, पिन उपटली गेली, आणि त्या अख्ख्या फाइलीत दहाव्या मिनिटानंतर ऐकण्याजोगा, खणखणीत, दोन्ही कानांत भरणारा आवाज कुठला असेल तर माझा. "किती वेळा सांगितलं, उठायच्या आधी क्लिप काढ म्हणून! एक गोष्ट धड…" एवढं सुंदर रेकॉर्डिंग मी आजवर केलेलं नाही. स्टूल पडल्याचा घुमारसुद्धा आलाय.

मग थोडं थांबून आत्या, जरा लांबून: "मला काय कळतंय बाबा त्यातलं."

हे मी सहा वेळा ऐकलं. तिचं नाही, माझं. आवाज ओळखीचा आहे, पण माझा म्हणून नाही. आत्यानं तो जन्मभर ऐकलेला आहे, माझ्या आधीपासून. ते जाऊ दे.

मला खुपतंय ते ओरडणं नाहीच बहुतेक. ओरडायला एक निमिष पुरलं. पण नंतर महिनाभर शांतपणे, चहा पितापिता, लोकांना सांगत राहिलो ना, की तिनं तोडलं. आणि कुणीतरी समोरून विचारायचा अवकाश, दुसरं नाव तयारच. उद्या त्या पोरानं विचारलं असतं की पुतण्याला आयर्न कुणी दिलं, तर हिचं नाव सांगितलं असतं मी. ह्या बाबतीत मात्र हात चांगला बसलाय. इथं ड्राय सोल्डर नाही.

हे लिहिताना हसू आलं, म्हणजे आता झोप येईल.

साडेतीनशे घेतले त्यानं. उडालेल्या पॅडच्या जागी केसाएवढी तार, नवं सॉकेट, आणि त्याच्या अंगाभोवती एपॉक्सीचा थेंब. वर सल्ला दिला की वीतभर लांबीची एक्स्टेंशन कायमची लावून टेपनं बांधून टाका, झिजायचं ते तिचं झिजू दे. पैसे देताना वाटलं, आता सांगावं. मागं तीन माणसं उभी होती. आणि सांगायचं काय, "पुतण्या म्हणजे मीच"?

आठ वाजता आत्याला फोन केला. ती नऊला झोपते. सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, म्हणजे दोनच वाक्यं, पण सुरुवात "रेकॉर्डर दुरुस्त झाला" अशी झाली.

"किती घेतले?"

"साडेतीनशे."

"लुटलं. एक डाख लावायचा त्याचे साडेतीनशे? आपल्या कासारानं चहावर लावून दिला असता."

तिथला कासार दुकान बंद करून पुण्याला आला त्याला किती वर्षं झाली, हे मी काढलं नाही. म्हणालो, रविवारी येतो.

"ये. आणि ते डबडं ह्या खेपेला डावीकडं ठेव. उजवा हात फिरतो माझा."

मी गप्प.

"तेव्हाच म्हणणार होते. पण गाणं तुटलं असतं, आणि तूही मोबाइलात होतास."

बरं म्हणालो. माझी दोन वाक्यं तशीच राहिली. ती पुढं पावसाचं, गाभण शेळीचं, कुणाच्या तरी साखरपुड्याचं सांगत होती, आणि ठेवता ठेवता म्हणाली की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, येताना सेल घेऊन ये, पेन्सिलचा.

रेकॉर्डरलाही तोच लागतो. चार आणलेत.