एक पर्याय, चार थ्रेड आणि चुकलेली बेरीज

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस धरून मिठी नदीकाठी पाणी कसे चढत जाईल, याचे गणित करणारा सी भाषेतला प्रोग्रॅम मी लिहिला आहे. कुर्ल्याच्या घरी चार कोअरच्या (गणिते करणाऱ्या चार स्वतंत्र भागांच्या) संगणकावर तो ११ मिनिटे घेई. एक कोअर राबत असे आणि तीन रिकामे असत.

प्रथम जीसीसी या कंपायलरला (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला) ‘ट्री-पॅरललाइझ-लूप्स’ हा पर्याय चार आकडा देऊन लावला. यात कोडला हात न लावता कंपायलर स्वतःच लूप (पुन्हापुन्हा चालणारा भाग) थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांमध्ये, वाटतो. वेळ मात्र तसूभर कमी झाला नाही. मुख्य लूप त्याने वाटलाच नव्हता. पाणी किती खोल आहे याचे जुने आणि नवे असे दोन अ‍ॅरे (आकड्यांच्या रांगा) फंक्शनला पॉइंटरने, म्हणजे नुसता मेमरीतला पत्ता देऊन, दिले होते, आणि ते मेमरीत एकमेकांवर येत नाहीत हे मला ठाऊक असले तरी कंपायलरला कळायला मार्ग नव्हता. शिवाय त्याच लूपमध्ये पाण्याची बेरीज चालू होती आणि दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम तो परवानगीवाचून बदलत नाही. त्याचा हा सावधपणा मला योग्यच वाटतो.

मग सी भाषेसाठी १९९८ पासून असलेल्या ओपनएमपी या थ्रेडमध्ये काम वाटण्याच्या पद्धतीकडे वळलो. लूपच्या वर प्रॅग्माची (कंपायलरला द्यायच्या सूचनेची) एक ओळ लिहिली आणि मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘एफ-ओपनएमपी’ पर्याय घातला. लिंकच्या ओळीत तो घालायचा राहिला होता, म्हणून प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा लिंकर अडला. तिथेही घातल्यावर काम झाले. पर्याय मुळीच न दिल्यास जीसीसी प्रॅग्माची ओळ सोडून देतो आणि प्रोग्रॅम निमूटपणे एकाच थ्रेडवर चालतो, हे ध्यानात ठेवावे.

खरी अडचण पुढे आली. तोच डेटा तीनदा चालवला, तर पाण्याची एकूण बेरीज तीन वेळा वेगळी निघाली आणि दर वेळी खऱ्या बेरजेपेक्षा कमी. चारही थ्रेड ‘एकूण’ हे एकच व्हेरिएबल वाचून, त्यात आपली भर घालून परत लिहीत होते. दोघांनी एकाच क्षणी वाचले की एकाची भर दुसऱ्याच्या लिहिण्याने पुसली जाई. प्रॅग्माला ‘रिडक्शन’ जोडल्यावर प्रत्येक थ्रेडला बेरजेची स्वतःची प्रत मिळाली आणि शेवटी त्या एकत्र झाल्या.

थ्रेडची संख्या एक, दोन आणि चार ठेवून मी उत्तरे ताडून पाहिली. शेवटचे दोन-तीन दशांश अंक अजूनही वेगळे येतात, कारण क्रम बदलला की राउंडिंग बदलते. म्हणून तुलनेसाठी फरकाची मर्यादा ठरवून घेतली आहे. वेळ आता साडेतीन मिनिटांवर आला आहे. फाइल वाचणे आणि निकाल लिहिणे अजून एकाच थ्रेडवर होते, तिथे या पर्यायाचा उपयोग नाही.